घरची गाडी, शर्यतीचे ब्रेक

रविवारी रात्री साडेनऊला भाच्याचा कोइमतूरहून फोन आला. हा मुलगा एरवी फोनवर इतका मोठ्याने बोलतो की रिसीव्हर कानापासून हातभर दूर धरावा लागतो. त्या दिवशी मात्र आवाज दबका होता.

"मामा, आई शेजारच्या खोलीत आहे, म्हणून हळू बोलतोय. आज ट्रॅकवर ब्रेक दाबला आणि पाय थेट खालपर्यंत गेला."

"तुला लागलं का?"

"नाही. गाडी वळणाबाहेर गवतात गेली आणि थांबली. गाडीलाही काही झालं नाही. पण मामा, महिन्यापूर्वीच तर रेसिंगचे पॅड टाकलेत. दुकानातले सगळ्यांत महागडे. मग असं कसं झालं?"

मी लगेच उत्तर दिले नाही, कारण याच पॅडविषयी तीन आठवड्यांपूर्वी त्याच घरातून मला दुसरा फोन येऊन गेला होता. तो माझ्या ताईचा. सकाळी सासूबाईंना घेऊन ती दवाखान्यात निघाली होती. घरापासून दोनशे पावलांवरच्या सिग्नलला तिने नेहमीसारखा ब्रेक दाबला. गाडी थांबेना. दोन्ही पाय दाबावेत इतका जोर लावला तेव्हा कुठे समोरच्या रिक्षाला जेमतेम टेकून थांबली. मागच्या सीटवर बसलेल्या आजींच्या हातातली पिशवी खाली पडली, रिक्षावाला तमिळमध्ये जे काही बोलला ते ताईने मला सांगितले नाही. "सकाळी गाडी थांबत नाही, दुपारी ब्रेक किंचाळतात आणि चाकांवर काळी भुकटी बसते. तुझ्या भाच्याला विचार काय करून ठेवलंय ते," एवढे म्हणून तिने फोन ठेवला होता.

तेव्हा तक्रार होती की हे पॅड थंड असताना थांबत नाहीत. आता दुसरी तक्रार होती की तापल्यावर थांबत नाहीत. पॅड तेच, गाडी तीच. आयुष्याची तीस वर्षे मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात ब्रेकच्या चाचण्या घेण्यात घालवली. तरी आपल्याच घरातल्या माणसांचे दोन फोन आल्यावर माझ्या लक्षात आले की, या विषयावर मी घरात कधी नीट बोललोच नव्हतो.

गलाईवाल्यांच्या घरातला शर्यतवीर

दाजींचे घराणे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सोने-चांदी गाळण्याच्या म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. जुने दागिने मुशीत वितळवायचे, आम्लाने शुद्ध करायचे आणि चोख सोने सराफाला परत द्यायचे. कोइमतूरच्या सराफ बाजारातही अशी मराठी घरे आहेत. दाजींचे दुकान राजा स्ट्रीटच्या आसपास. घरात मराठी, दारात तमिळ, दिवाळीला गावी.

अशा घरातल्या मुलाला मोटार शर्यतीचे वेड का लागावे, असा प्रश्न कोइमतूर पाहिलेल्या माणसाला पडणार नाही. फॉर्म्युला वनमध्ये २००५ साली उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याच शहरातला. मारुतीची यंत्रे वापरून भारतात शर्यतीच्या छोट्या गाड्या बांधणारे करिवर्धनही इथलेच. १९९५ साली विमान अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा 'करी मोटर स्पीडवे' चेट्टिपालयमला २००३ साली सुरू झाला. लांबी सुमारे दोन किलोमीटर. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० सालापासूनचा आणि ३.७ किलोमीटरचा. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला २०११ साली झालेला बुद्ध सर्किट तर पाच किलोमीटरहून मोठा. हल्ली अशा ट्रॅकवर अधूनमधून हौशी मंडळींना स्वतःची गाडी आणून चालवू देतात. माझा भाचा अशा हौशींपैकीच. अडचण इतकीच की घरात गाडी एकच. रविवारी ती भाच्याची, सोमवारपासून ताईची.

दोन लिटर आधण, तीन सेकंदांत

ब्रेक म्हणजे चाक धरून ठेवणारा चिमटा, अशी आपली समजूत असते. ती चुकीची नाही, पण अर्धीच आहे. खरे पाहता ब्रेक म्हणजे शेगडी. गाडीच्या वेगात जी ऊर्जा साठलेली असते ती कुठे तरी जायला हवी. ब्रेक तिची उष्णता करतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो.

थोडा हिशेब करू. माणसासकट गाडीचे वजन १००० किलो धरा. शहरात आपण ताशी ४० किलोमीटर वेगाने येतो आणि सिग्नलला थांबतो. त्यात साधारण ६२ हजार ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. आता ट्रॅकवर सरळ रस्त्याच्या शेवटी गाडी १४० च्या वेगाने येते आणि वळणासाठी ६० वर आणायची असते. गाडी थांबवायचीसुद्धा नाही, नुसती हळू करायची. तरी त्यात ६ लाख १७ हजार ज्यूल जातात. म्हणजे सिग्नलच्या दहापट. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर दोन लिटर पाण्याला उकळी येईल इतकी उष्णता, आणि तीही तीन सेकंदांत.

ब्रेक लागताना गाडी पुढे झुकते, त्यामुळे यातला सुमारे ७० टक्के वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो. छोट्या गाडीची पुढची डिस्क चार किलोची धरली तर अशा एका दाबात ती शंभराहून अधिक अंशांनी तापते. पुढच्या सरळ रस्त्यावर थोडी निवते, तोवर दुसरे वळण येते. चार-पाच फेऱ्यांत डिस्क कुठे जाऊन पोचत असेल, याचा अंदाज आपण करू शकता.

हा हिशेब मी फोनवर सांगितला तेव्हा भाच्यापेक्षा दाजींनाच तो लवकर कळला. सोने १०६४ अंशांवर वितळते, हे ते पुस्तकातून शिकलेले नाहीत. भट्टीच्या रंगावरून त्यांना आच कळते. "म्हणजे डिस्क लाल दिसायला लागते का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, मोठ्या शर्यतीत संध्याकाळच्या अंधारात दिसते. "गडद लाल म्हणजे सहाशेच्या अलीकडे-पलीकडे," दाजी म्हणाले. "आणि ही त्याच गाडीतून माझ्या आईला घेऊन फिरते?"

जुन्या बुटापासून इथपर्यंत

पॅडची कूळकथा मोठी गमतीची आहे. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान उतारावर बैलगाड्यांसारख्या गाड्यांच्या लाकडी ब्रेकला जुने बूट ठोकत, ते हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिले, असे सांगतात. त्याने १८९७ साली ब्रेकसाठी वेगळा घर्षण-पदार्थ बनवायला घेतला. फ्रूडच्या नावातली अक्षरे फिरवून आणि बायकोच्या एलिझाबेथ नावातला 'ई' घालून झालेले 'फेरोडो' हे नाव आजही पॅडच्या खोक्यावर दिसते. पुढे या पदार्थात अॅस्बेस्टॉस आले आणि अनेक दशके राहिले. त्याची धूळ फुप्फुसांचा घात करते हे कळल्यावर ते हळूहळू मागे पडले. तरीही चाकातली काळी भुकटी हवेच्या झोताने किंवा तोंडाने फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. गॅरेजमधल्या पोऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

डिस्क ब्रेकचे नाव झाले ते शर्यतीमुळेच. १९५३ साली फ्रान्समधली ल मान्स ही चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने जिंकली. तिच्या गाडीला चारही चाकांना डनलॉपच्या डिस्क होत्या. इतरांचे ड्रम तापून मवाळ होत असताना जॅग्वारचे चालक वळणाच्या कितीतरी जवळ जाऊन ब्रेक दाबत.

आजचा पॅड म्हणजे राळेत बांधलेले दहा-वीस पदार्थांचे मिश्रण. घरच्या गाडीच्या पॅडमध्ये तंतू, रबर, ग्रॅफाइट असे पदार्थ जास्त असतात. तो पहिल्याच दाबाला लागतो, आवाज करत नाही, डिस्क खात नाही. पण तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे त्याच्यातली राळ जळू लागते, वायू सुटतो आणि पकड ढिली होते. शर्यतीच्या पॅडमध्ये धातूचे प्रमाण जास्त असते आणि त्याची बांधणीच आगीत राहण्यासाठी केलेली असते. तो पाचशे-सहाशे अंशांतही टिकतो, पण थोडा तापल्याशिवाय त्याला जागच येत नाही.

ताईचे कोडे इथे सुटते. सकाळी घरून निघाल्यावर दोनशे पावलांवर तिची डिस्क होती हवेइतकी, वीस-बावीस अंशांची. कोइमतूरला थंडी ती कसली, असे कोणी म्हणेल. पण दोनशे अंशांवर जागा होणाऱ्या पॅडला वीस काय आणि पस्तीस काय, दोन्ही सारखेच थंड. त्या सिग्नलला तिच्या पायाखाली जवळजवळ ब्रेक नव्हतेच. दुकानदाराने हे पॅड देताना "साहेब, ट्रॅकवर चालतात, मग रस्त्यावर काय बघायचं?" असे म्हटले होते. बरोबर उलटे आहे.

पेडल कडक की नरम?

आता भाच्याचे कोडे. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "पेडल कडक होतं की नरम?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर सगळे निदान अवलंबून असते, आणि ज्यांच्या घरची गाडी वर्षातून दोनदा घाट उतरते त्यांनीही हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पेडल नेहमीइतके कडक आहे, आपण जीव खाऊन दाबतो आहोत, तरी गाडी हळू होत नाही, तर पॅड हरला. त्याची पकड उष्णतेने गेली. पण पेडल स्पंजासारखे नरम पडून खाली गेले, तर पॅड निर्दोष आहे. ब्रेक ऑइल उकळले आहे. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की आपण चाकाऐवजी वाफच दाबत बसतो.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, हा त्याचा स्वभाव आहे. नव्या डॉट ३ ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. तेच पाणी शोषलेल्या अवस्थेत किमान १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. डॉट ५ हे नाव ऐकून तो ५.१ चा भाऊ समजू नका. ते सिलिकॉनचे, वेगळ्याच जातीचे, आणि बाकीच्यांत मिसळायचे नाही. आपल्या कोकणात, गोव्यात, चेन्नईत, जिथे चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे दोन वर्षांपूर्वीचे ऑइल कोणत्या अवस्थेत असेल? मी घरच्या गाड्यांचेही दर दोन वर्षांनी बदलून घेतो. मिस्त्री हसतात. हसू देत.

भाच्याने पॅड बदलले, ऑइल मात्र चार वर्षांपूर्वीचे होते. इथे एक बारीक गोष्ट आहे. कंपनीचे साधे पॅड असते तर तिसऱ्या-चौथ्या फेरीत त्यांची पकड सुटू लागली असती, पेडल कडक राहून गाडी कमी थांबू लागली असती, आणि शहाण्यासारखा तो बाहेर आला असता. महागड्या पॅडने ती सूचनाच काढून घेतली. पॅड हरेना म्हणून हा अधिक उशिरा, अधिक जोरात ब्रेक मारत गेला. सगळी आच पॅडमधून कॅलिपरकडे आणि तिथून ऑइलकडे गेली. साखळीतली एक कडी पक्की केली की तुटायची वेळ दुसऱ्या कडीवर येते.

त्याने पेडल दोन-तीनदा पंप केले म्हणून थोडा दाब परत आला, आणि वळणाबाहेर मोकळे गवत होते. घाटात गवत नसते.

कडेवरची दोन अक्षरे

पुढच्या आठवड्यात मी कोइमतूरला गेलो. निमित्त ताईकडच्या कार्याचे होते. भाच्याने आणखी तीन कंपन्यांचे पॅड दाखवायला आणून ठेवले होते आणि कोणता घ्यावा हे मी सांगावे अशी त्याची अपेक्षा होती. खोक्यांवर ज्वाळा, चित्ते आणि मोठमोठे आकडे.

मी त्याला पॅडची कड पाहायला सांगितली. अनेक पॅडच्या कडेवर शेवटी दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साधारण तापमानातल्या घर्षणाचे, दुसरे तापल्यानंतरच्या घर्षणाचे. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५. 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५. 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि 'एच' त्याहून वर. घरच्या गाडीला 'एफ-एफ' असा पॅड उत्तम. पहिले 'एफ' आणि दुसरे 'ई' असेल तर समजावे की तापल्यावर हा थोडा ढिला पडतो, घाटात बेताने घ्यावे.

पण भाच्याला मी लगेच सावधही केले. ही अक्षरे पॅडच्या इंचभर चौकोनी तुकड्यावर प्रयोगशाळेत घेतलेल्या चाचणीतून ठरतात आणि तापमान सुमारे ३४३ अंशांपर्यंतच नेले जाते. ट्रॅकची खरी कसोटी त्याच्या पुढे सुरू होते, म्हणून शर्यतीचा पॅड निवडताना या अक्षरांचा फारसा उपयोग नाही. खोक्यावरचा 'इतक्या अंशांपर्यंत' हा आकडाही कंपनीगणिक वेगळ्या रीतीने काढलेला असतो. एका कंपनीचे ६५० आणि दुसरीचे ७०० यांची तुलना करणे व्यर्थ. त्याच कंपनीच्या दोन पॅडांत तुलना केली तर काही अर्थ निघतो.

पाहायचे ते हे की आपल्या गाडीची डिस्क प्रत्यक्ष किती तापते. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. डिस्कच्या बाहेरच्या कडेला लावायचा रंग मिळतो. हिरवा सुमारे ४३० अंशांना उडतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. तिन्हींचे ठिपके द्यायचे, फेऱ्या मारायच्या आणि परत येऊन पाहायचे. ब्रेकमधले सगळे ऑइल बदलून, हवा नीट काढून, आम्ही ते केले. एका वेळी चारच फेऱ्या, मधे विश्रांती. दाजीही आले होते, पहिल्यांदाच. मुलगा वळणावर ब्रेक मारायचा तेव्हा ते स्वतःचा पाय जमिनीवर दाबत. शेवटी वाकून त्यांनीच निकाल सांगितला, "हिरवा गेला. नारिंगी शाबूत."

म्हणजे डिस्क ४३० ते ५६० च्या दरम्यान गेली होती. कंपनीच्या साध्या पॅडला ही आच झेपणार नाही, आणि जो पॅड भाच्याने घेतला होता तो याहून कितीतरी मोठ्या आचेसाठी बनवलेला, त्याच्या हलक्या गाडीला नको तितका टोकाचा. त्याला हवा होता मधला पॅड, जो थंडीतही बऱ्यापैकी लागेल आणि सहाशेच्या आसपास तग धरेल. तीन खोक्यांतला सर्वांत स्वस्त पॅड नेमका तो निघाला. माझ्या अनुभवात असे पुष्कळदा होते. हौशी माणूस पॅड घेताना आपली गाडी पाहत नाही, टीव्हीवरची पाहतो.

आणखी एक भ्रम दूर करायला हवा. चांगल्या पॅडने गाडी कमी अंतरात थांबते, असे बहुतेकांना वाटते. गाडी थांबवतो टायर, ब्रेक थांबवतो फक्त चाक. भारतात २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. साध्या पॅडने जोरात दाबल्यावर पेडलखाली एबीएसची थरथर जाणवत असेल तर टायरची पकड संपलेली आहे. कितीही भारी पॅड टाका, तो पहिला ब्रेक काही फुटांनीही सुधारणार नाही. भारी पॅडचे काम एवढेच की दहाव्या फेरीतला ब्रेक पहिल्या फेरीसारखा लागावा.

ऑटोक्रॉसला काय?

भाच्याला ऑटोक्रॉसमध्येही भाग घ्यायचा होता. तिथला मामला अगदी निराळा. आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुधा मोकळ्या मैदानात, मातीवर आखलेल्या मार्गावर होते. अमेरिकेत मोठाल्या डांबरी वाहनतळांवर नारिंगी शंकू मांडून करतात. एका वेळी एक गाडी, घड्याळाशी स्पर्धा, आणि एक खेप मिनिटभराची किंवा थोडी अधिक. वेग साधारण घाटरस्त्याइतकाच. मग गाडी पुढच्या खेपेसाठी रांगेत उभी राहते. तोवर ब्रेक पुन्हा गार.

म्हणजे ऑटोक्रॉसला ब्रेक तापतच नाहीत. तिथे शर्यतीचा पॅड घालून जाणे म्हणजे ताईच्या सकाळच्या सिग्नलसारखे, फक्त प्रत्येक वळणावर. तिथे घरचाच चांगला पॅड राजा. मातीवर तर फार पकडणारा पॅड नकोच, कारण सैल मातीवर चाक लगेच अडकते आणि गाडी सरळ घसरत जाते. पायाला ब्रेक बोटासारखा बारीक वापरता आला पाहिजे. तिथे पैसे खर्चायचेच असतील तर मागच्या ड्रममधले शू आणि हँडब्रेकची केबल नीट करून घ्यावी. नुसत्या मागच्या चाकांना जास्त पकडणारे लायनर बसवण्याचा मोह मात्र टाळावा. मागची चाके पुढच्यांआधी अडकली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

डबे दोन

शेवटी घरात तोडगा निघाला तो ताईच्या अटींवर. गाडी घरून निघताना आणि घरी येताना तिला घरचेच पॅड असतील. ट्रॅकवर पोचल्यावर पॅड बदलायचे, परतताना पुन्हा बदलायचे. सवय झाली की पुढच्या दोन चाकांना तासभर लागतो. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायचे, आणि चाक बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबायचे. हे विसरून गाडी पॅडॉकच्या भिंतीला नेणारे लोक मी पाहिले आहेत.

मी त्यात एक भर घातली. डिस्कचीही दुसरी जोडी घ्यायला लावली. नवा पॅड डिस्कवर स्वतःचा एक पातळ थर चढवतो आणि त्या थरावरच तो नीट चालतो. एका जातीच्या थरावर दुसऱ्या जातीचा पॅड चालवला तर स्टीअरिंग थरथरते. मिस्त्री म्हणतो "डिस्क वाकली" आणि लेथवर मारून देतो. पुष्कळदा डिस्क वाकलेली नसते, तिच्यावर पॅडचा माल कुठे जाड, कुठे पातळ बसलेला असतो.

हा थर बसवण्याची रीतही घाईची नाही. मोकळ्या, रहदारी नसलेल्या जागी ऐंशीच्या वेगावरून वीसवर, आधी हलक्या आणि मग चढत्या दाबाने आठ-दहा वेळा यायचे. पूर्ण थांबायचे नाही. मग दहा मिनिटे ब्रेकला हात न लावता गाडी चालवून गार करायची. कंपनीची वेगळी सूचना असेल तर ती पाळायची. ट्रॅकवरून बाहेर येतानाही शेवटची फेरी हळू, ब्रेक न वापरता घ्यायची. थांबल्यावर पेडल दाबून बसायचे नाही, हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवला तर तिथेच त्याचा ठसा उमटतो. आणि निम्म्याहून झिजलेला पॅड घेऊन ट्रॅकवर जायचेच नाही. तो जितका पातळ, तितकी आच ऑइलला जास्त.

आधीचे महागडे पॅड भाच्याने एका मित्राला दिले. त्याची गाडी फक्त शर्यतीची आहे, ट्रॅकपर्यंत ट्रकवर बसून जाते.

दाजींनी दुकानातले दोन जुने पत्र्याचे डबे दिले. एकावर खडूने 'घर' लिहिले, दुसऱ्यावर 'मैदान'. गाडी घरी असते तेव्हा 'घर' हा डबा रिकामा असायला हवा. ताई तो डबा उघडून पाहत नाही, तिचा त्यावर विश्वास नाही. ट्रॅकवरून गाडी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली उतरते, पुढच्या चाकावरून बोट फिरवते आणि बोट पाहते. ते काळे झाले असेल तर मुलाला हाक मारते, आणि सासूबाईंना सांगते की आज रिक्षाने जायचे आहे.